आधी अंदाज, मग मोजणी: नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्यांना खुलं पत्र

पहिल्या वर्षाच्या नर्सिंग विद्यार्थ्यांना शिकवणारे, त्यांचा अभ्यासक्रम आखणारे आणि त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा घेणारे सर्व सहकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

कुठल्याही वॉर्डातला टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट उचला आणि त्यातला श्वसनाचा रकाना तेवढा वाचत जा. २०, २०, १८, २०, २०, २२, २०. शेजारच्या बेडचा चार्ट बघा. तिथेही तेच. तापमान हलतं, नाडी हलते, बीपी हलतं. श्वास मात्र अख्ख्या वॉर्डाचा एका तालात चालतो. हे आकडे मोजलेले नसतात, भरलेले असतात, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. मीही भरलेत. तुम्हीही कधी ना कधी भरले असतील. पहिल्या पोस्टिंगच्या पहिल्या आठवड्यात आपली विद्यार्थिनी सगळ्यात लवकर काय उचलत असेल, तर हेच. (विद्यार्थिनी म्हणते आहे, मुलगेही त्यात आले.)

क्लिनिकल जजमेंट, म्हणजे पेशंटकडे बघून काय चाललंय ते ओळखणं आणि आत्ता काय करायचं ते ठरवणं, यावर आपण बैठकांमध्ये पुष्कळ बोलतो. बोलणं बहुतेक वेळा एकाच वाक्यापाशी येऊन थांबतं: ‘पहिल्या वर्षाला कुठे हे सगळं? आधी हात बसू दे, डोकं पुढे चालवतील.’ मी स्वतः हे वाक्य कितीदा तरी म्हटलंय. आता ते मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला हे पत्र.

आधी माझीच एक गोष्ट सांगते. मी पहिल्या वर्षाला होते, सर्जिकल वॉर्डात पोस्टिंग होतं. सकाळच्या राउंडआधी बारा पेशंटचं टीपीआर-बीपी माझ्याकडे. त्यातल्या एका बाईंचं आदल्या संध्याकाळी पोटाचं ऑपरेशन झालेलं. वय पस्तिशीच्या आतबाहेर. त्या पुन्हा पुन्हा पांघरूण ढकलत होत्या. दोनदा पाणी मागितलं. दहा मिनिटांत तीनदा विचारलं, ‘किती वाजले हो?’ मी ताप घेतला, नव्हता. नाडी ११८. बीपी ११० वर ८४. श्वास मोजला नाही, २० लिहिला. पांघरूण नीट खोचलं, पाणी आत्ता देता येणार नाही असं गोड आवाजात सांगितलं आणि पुढच्या बेडकडे गेले. आमच्या मॅडमनी चार्ट तपासला. अक्षर सुबक, ग्राफवरचे ठिपके पट्टीने जोडलेले. १० पैकी १० गुण मिळाले.

अर्ध्या तासाने एक सिनिअर सिस्टर औषधाची ट्रॉली घेऊन त्या बाजूने जात होत्या. त्या थांबल्या. चार्टला हातही लावला नाही. बाईंच्या कपाळावर हात ठेवला, मग चादरीखालून तळपाय चाचपला, मग नुसत्याच पोटाकडे बघत मिनिटभर उभ्या राहिल्या. आणि मला म्हणाल्या, ‘पळ, डॉक्टरांना बोलाव.’ आत रक्तस्राव होत होता. बाईंना परत ऑपरेशनला नेलं, त्या वाचल्या, दहा-बारा दिवसांनी घरी गेल्या. माझे १० गुण मात्र कुणी परत घेतले नाहीत.

या प्रसंगात मला बोचतं ते असं की एक श्वास सोडला तर सगळं माझ्या हातात होतं. रक्त जायला लागलं की शरीर आधी निकराने सावरून धरतं. रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे खालचं बीपी वर सरकतं आणि वरच्या-खालच्या आकड्यांमधलं अंतर कमी होतं. माझ्या चार्टवर ते २६ होतं. नाडी वाढते. श्वास वाढतो. पाय गार पडतात, तहान लागते, माणूस अस्वस्थ होतो, जागच्या जागी चुळबुळतो. वरचं बीपी सगळ्यात शेवटी कोसळतं. धडधाकट प्रौढ माणसाचं १५ ते ३० टक्के रक्त गेलं तरी ते ठीकठाक दिसू शकतं. मी शरीरशास्त्राच्या पेपरात हे सगळं लिहिलं होतं, चांगले गुणही पडले होते. पण बेडपाशी उभी असताना ती चुळबूळ मला पांघरुणाची अडचण वाटली.

असं माझ्या एकटीच्याच बाबतीत घडलं असतं तर पत्र लिहिण्याची गरज नव्हती. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रुग्णालयात दाखल असताना हृदय बंद पडलेल्या ६४ पेशंटच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांतल्या ८४ टक्के पेशंटच्या बाबतीत आधीच्या ८ तासांत तब्येत ढासळल्याच्या किंवा नव्या तक्रारीच्या खुणा कागदावर सापडल्या. कुणीतरी त्या लिहिल्या होत्या. माझ्यासारख्याच कुणीतरी, कदाचित सुबक अक्षरात. ब्रिटनमध्ये २०१२ साली धोक्याची पूर्वसूचना देणारी जी गुणपद्धत (श्वास, नाडी, बीपी अशा प्रत्येक नोंदीला धोक्यानुसार गुण द्यायचे आणि बेरीज करायची) सगळीकडे लागू करायला घेतली, तिच्यात श्वास मिनिटाला २५ किंवा जास्त असेल तर एकट्या त्या आकड्याला ३ गुण, म्हणजे सर्वाधिक. २०१७ च्या सुधारित आवृत्तीत नव्याने आलेल्या गोंधळालाही ३ गुण दिले. ‘किती वाजले हो?’ हा प्रश्न तिसऱ्यांदा ऐकताना मला कुणी सांगितलेलं असतं, की यालाही वजन असतं, तर!

आता ‘आधी हात, मग डोकं’ या आपल्या लाडक्या वाक्याकडे येते. त्यामागे आपण बहुतेक वेळा अमेरिकी नर्सिंग-अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांचा आधार घेतो. नवशिकी ते निष्णात अशा ५ पायऱ्या त्यांनी १९८४ साली नर्सिंगमध्ये मांडल्या. मूळ कल्पना ड्रायफस बंधूंची, वैमानिक आणि बुद्धिबळपटू कसे शिकतात त्यावरून आलेली. नवशिक्याला नियम लागतात, संदर्भ कळत नाही, हे त्यात आहेच आणि खरंही आहे. पण आपण त्यातून आपल्या सोयीचा अर्थ काढला: पहिल्या वर्षाला नियमच द्यायचे, बघण्याचं काम पुढच्यांवर सोपवायचं. नवशिकी लगेच निष्णात होणार नाही, एवढंच त्यातून निघतं. तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधा असं कुठे निघतं?

मला स्वतःला वाट दिसली ती अमेरिकी नर्सिंग-शिक्षिका ख्रिस्टीन टॅनर यांच्या २००६ सालच्या मांडणीतून. जवळपास २०० अभ्यास चाळून त्यांनी नर्स कशी विचार करते याचे चार टप्पे सांगितले: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं, आणि नंतर मागे वळून बघणं. शिकवताना आपण हे चार शब्द फळ्यावर लिहितो आणि दुसऱ्या टप्प्यापासून शिकवायला सुरुवात करतो. पहिल्या टप्प्याबद्दल त्यांचं म्हणणं असं, की नर्सच्या काय लक्षात येतं हे ती मनात काय अपेक्षा घेऊन गेली त्यावर अवलंबून असतं. अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं वाटलं तर पाय कसा दचकतो! पायरी नाही म्हणून दचकत नाही, ती असेल असं पायाने धरलेलं असतं म्हणून दचकतो. त्या सिनिअर सिस्टरांना दुरून ‘काहीतरी बिघडलंय’ दिसलं, कारण ऑपरेशनच्या दुसऱ्या सकाळी माणूस कसा पडलेला असतो याचं चित्र त्यांच्या डोळ्यांत पक्कं होतं. माझ्याकडे चित्रच नव्हतं. मला दचकायला काही कारण नव्हतं.

मग पहिल्या वर्षाच्या मुलीकडे ते चित्र येणार कुठून? वर्षानुवर्षांच्या ड्युट्यांतून येईल म्हणून वाट बघायची का? माझा अनुभव असा की कच्चं चित्रही चालतं. चुकीचंही चालतं. फक्त ते पेशंटकडे जाण्याआधी हातात हवं. म्हणून मी एक वही सुरू केली. मुलींनीच तिला ‘अंदाज वही’ म्हणायला सुरुवात केली. हँडओव्हर (पाळी बदलताना सांगितली जाणारी पेशंटची माहिती) ऐकायचं, आणि बेडकडे जाण्याआधी तीन ओळी लिहायच्या: मला काय दिसेल असं वाटतं, काय दिसलं तर मी दचकेन, आणि दचकले तर कुणाला सांगेन. मग जायचं, बघायचं, मोजायचं. परत आल्यावर चौथी ओळ: काय वेगळं निघालं.

एक उदाहरण जरा सविस्तर देते, कारण वहीबद्दल सांगितलं की सहकारी मान डोलावतात आणि मनात म्हणतात, ‘अजून एक वही!’

हँडओव्हरमध्ये सांगितलं: ५८ वर्षांचे गृहस्थ, काल दुपारी हर्नियाचं ऑपरेशन, पाठीत इंजेक्शन देऊन भूल, रात्र बरी गेली. विद्यार्थिनीने लिहिलं, ‘जखमेपाशी दुखत असेल, नाडी ९० च्या आसपास, ताप थोडा.’ दचकण्याची गोष्ट: ‘ताप १०२ च्या वर.’

मी विचारलं, ‘दुखतंय म्हणतेस, तर हात कुठे असेल त्यांचा?’

‘जांघेपाशी, मॅडम. पट्टी असते तिथे.’

‘लिही तसं. आणि चेहरा? उताणे असतील की कुशीवर?’

‘माहीत नाही.’

‘माहीत नाही असंच लिही. जा आता.’

पंधरा मिनिटांनी आली. ताप नाही. नाडी १०४, श्वास २२ (मोजलेला), बीपी १५८ वर ९४. म्हणाली, ‘मॅडम, दुखतंय त्यांना. सिस्टर म्हणाल्या दुखण्याचं औषध द्यायचंय, त्यामुळे बीपी वाढलं असेल.’ इथे चार्ट भरून काम संपलं असतं, आणि अर्थही बरोबर वाटला असता. पण वहीतली चौथी ओळ लिहायची होती. ती थांबली. ‘मॅडम, पण हात पट्टीवर नाहीये. इथे आहे,’ म्हणून तिने स्वतःच्या बेंबीखाली मधोमध हात ठेवला. ‘आणि ते एका जागी बसत नाहीयेत.’

मी काही बोलले नाही. (गप्प बसणं ही या सगळ्यातली माझी सगळ्यात अवघड प्रोसिजर.) ती परत गेली, इनटेक-आउटपुटचा चार्ट घेऊन आली. सलाइन दोन लिटरच्या वर गेलेलं. लघवीचा रकाना काल संध्याकाळपासून कोरा. तिने पेशंटला विचारलं होतं. ते म्हणाले, ‘जाऊन येतो, पण थेंब थेंबच होते.’ आता ती स्वतःच इन्चार्ज सिस्टरांकडे गेली. नळी घातल्यावर ९०० मिली लघवी निघाली, नाडी-बीपी खाली आलं, आणि ते गृहस्थ ऑपरेशननंतर पहिल्यांदा शांत झोपले.

तिचा अंदाज चुकला होता. तिने तापाची वाट बघितली, ताप आलाच नाही. तरी त्या चुकलेल्या अंदाजामुळेच तिला हात कुठे आहे ते दिसलं. ‘जांघेपाशी’ असं लिहिलेलं नसतं तर बेंबीखालचा हात तिला ‘पोट दुखतंय’ एवढाच वाटला असता. चुकलेल्या अंदाजाला मी पूर्ण गुण देते. कोऱ्या ओळीला शून्य.

नुसता आकडा, मागे अपेक्षा नसेल तर, मुका असतो. हे मुलींना पटवायला माझं आवडतं साधन कागदाच्या तीन चिठ्ठ्या आहेत. दम्याचा तरुण पेशंट. पहिली चिठ्ठी, सकाळी ८: श्वास ३२, छातीत सूं सूं आवाज दारापर्यंत येतोय, वाक्य पुरं बोलता येत नाही, ताठ बसलेला. काय वाटतं, पुढे काय होईल, लिहा. दुसरी चिठ्ठी, ९ वाजता: औषध चालू, श्वास ३४, घाम, आवाज थोडा कमी. लिहा. तिसरी, १० वाजता: श्वास १६, छातीत आवाज जवळजवळ नाही, पेशंट डोळे मिटून पडलेला. दरवर्षी अर्ध्याहून जास्त वर्ग सुटकेचा श्वास टाकतो: आवाज गेला, श्वास १६ वर आला, झोप लागली. मग मी विचारते, ‘तासाभरापूर्वी जो माणूस हवेसाठी झगडत होता, तो बरा होत असेल तर तुम्हाला काय काय दिसायला हवं?’ फळ्यावर यादी होते: बोलेल, पाणी मागेल, रंग सुधारेल, ऑक्सिजनचा आकडा चढेल, श्वास हळूहळू उतरेल, ३४ वरून एकदम १६ वर येणार नाही. यादी करता करता कुणाचा तरी आवाज बदलतो: ‘मॅडम, तो दमलाय.’ हवा आत जाईनाशी झाली की आवाजही थांबतो. तिसऱ्या चिठ्ठीतला माणूस श्वास बंद पडण्याच्या उंबरठ्यावर आहे आणि चार्टवर त्याचा श्वास नॉर्मल आहे.

या चिठ्ठ्यांना महागडा मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, लागत नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो जरूर वापरावा. अमेरिकेत २०१४ साली झालेल्या एका मोठ्या अभ्यासात क्लिनिकलचे निम्मे तास चांगल्या सिम्युलेशनला (रचलेल्या प्रसंगांवरच्या सरावाला) दिले तरी विद्यार्थ्यांच्या तयारीत फरक पडला नाही असं दिसलं. ‘चांगल्या’ हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे: शिकवणारे प्रशिक्षित होते आणि प्रत्येक प्रसंगानंतर बसून चर्चा व्हायची. चर्चेशिवाय सिम्युलेशन म्हणजे नाटकाची तालीम. आणि एक राहतंच: मॅनिकिनचे तळपाय कायम एकसारखेच गार असतात.

आता आपल्याबद्दल, म्हणजे शिकवणाऱ्यांबद्दल. आपण बेडपाशी उभं राहतो, दोन सेकंदांत दहा गोष्टी टिपतो आणि विद्यार्थिनीला अकरावी सांगतो: ‘हिची सलाइन बदल.’ त्या दहा गोष्टी तिला कधी कळतच नाहीत. मग तिला वाटतं सिनिअर सिस्टरांना सहावं इंद्रिय असतं, आपल्याला ते नाही. आपणही हा समज मोडत नाही, कारण तो सुखावतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी नर्सना वाटणारी ही ‘काळजी’ उलगडून बघितली, तेव्हा तिच्या पोटात अगदी साध्या, नाव घेता येण्याजोग्या गोष्टी निघाल्या: श्वास बदलला, रंग किंवा अंगाची ऊब बदलली, वागणं बदललं, चुळबूळ वाढली, दुखणं वाढलं, सुधारणा व्हायला हवी तशी होत नाहीये, पेशंट स्वतःच म्हणतोय की बरं वाटत नाही. यातलं काहीही पहिल्या वर्षाच्या आवाक्याबाहेरचं नाही. तेव्हा आपण मोठ्याने विचार करूया. ‘मी आत आले तेव्हा यांनी माझ्याकडे बघितलं नाही, काल बघितलं होतं. म्हणून मी जवळ आले. हात धरला, ओलसर लागला. मला आधी साखर कमी झाली असेल असं वाटतंय, पण खात्री नाही, म्हणून आधी साखर बघते, तोवर तू नाडी घे.’ ‘खात्री नाही’ हे शब्द त्यात यायलाच हवेत. शिक्षिका चुकीच्या अंदाजावरून बरोबर अंदाजावर कशी सरकते हे मुलींनी याचि देही याचि डोळा बघायला हवं. त्याला दुसरा कुठलाही धडा पुरत नाही.

केअर प्लॅनबद्दल, म्हणजे पेशंटच्या अडचणी आणि त्यावरची काळजी लिहून काढण्याबद्दल, थोडक्यात, कारण तो विषय काढला की भांडण होतं. पहिल्या वर्षाच्या कुठल्याही पाच फायली उघडा: वेदना, संसर्गाचा धोका, चिंता. हर्नियालाही तेच, न्यूमोनियालाही तेच. मुली आळशी आहेत म्हणून असं होत नाही; आपण पानं मोजतो म्हणून होतं. मी तीन रकान्यांऐवजी आता एकच प्रश्न ठेवलाय: आज या पेशंटची सगळ्यात महत्त्वाची अडचण कुठली, आणि दुसऱ्या क्रमांकाची पहिल्या क्रमांकावर का नाही? अर्धं पान. त्याची नक्कल करणं फार कठीण जातं.

मुलीच्या लक्षात आलं, अर्थही बरोबर लागला, आणि तरी ते शब्द घशात अडकले, असं कितीदा होतं ते इन्चार्ज सिस्टर्सनी प्रामाणिकपणे आठवून बघावं. ‘एवढ्यासाठी आलीस?’ हे दोन शब्द एकदा ऐकले की ती मुलगी पुढचे सहा महिने काही सांगायला येत नाही, आणि वर्षभराचं शिकवणं पाण्यात जातं. परिस्थिती, पार्श्वभूमी, माझं मत, माझी विनंती या चार पायऱ्यांनी सांगायची जी पद्धत आज रुग्णालयांत रुळली आहे, ती मुळात अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून आलेली. आपल्या मुली पहिल्या दोन पायऱ्या धडाधड म्हणतात आणि तिसरीला अडतात. ‘मला वाटतं’ असं म्हणायची मुभा पहिल्या वर्षाच्या मुलीला कुणी दिलेलीच नसते. मी ती वाक्यं वर्गात अक्षरशः पाठ करून घेते, पाढ्यांसारखी: ‘सिस्टर, बेड नंबर सातचे पेशंट मला ठीक वाटत नाहीत. का ते नक्की सांगता येत नाही, पण सकाळपेक्षा वेगळे दिसतात. तुम्ही एकदा येऊन बघाल का?’ ही तीन वाक्यं म्हणता येणारी मुलगी मला प्रोसिजरच्या चोवीस पायऱ्या बिनचूक करणाऱ्या मुलीपेक्षा वॉर्डात हवी आहे. दोन्ही येत असेल तर उत्तमच. खोटी घंटा वाजली तर? वाजू दे. पहिल्या वर्षी मागे वरिष्ठ उभे असतात, चूक स्वस्तात पडते. तिथे ती करू दिली नाही तर ती पुढे रात्रपाळीला एकटी असताना करेल.

गुणपद्धतीच्या तक्त्यांबद्दल एक सावधानता. ते जरूर शिकवावेत. थकलेल्या माणसाला तक्ता आधार देतो. पण बेरीज ५ झाली की कळवायचं हे शिकलेली मुलगी बेरीज ३ असताना निर्धास्त होते. ‘किती झाले?’ विचारण्याआधी ‘सकाळी किती होते?’ विचारायची सवय लावली तर तक्ता उपयोगी पडतो.

परीक्षा घेणाऱ्यांशी मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण मुली शेवटी तेच शिकतात ज्याला गुण असतात. अमेरिकेत नव्या नर्सच्या चाचण्यांवरून २००५ साली मांडलं गेलं की प्रवेशपातळीला अपेक्षित असलेली निर्णयशक्ती जेमतेम ३५ टक्क्यांकडे होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत सुरुवातीच्या अपेक्षेला उतरलेले २३ टक्केच. तिथली परवाना परीक्षा एप्रिल २०२३ पासून बदलली आणि निर्णयशक्ती मोजणारे उलगडत जाणारे प्रसंग तीत आले. चांगलं झालं. पण माझी भीती वेगळी आहे. आपण त्या परीक्षेमागच्या मांडणीतल्या सहा पायऱ्या उचलू आणि ‘क्लिनिकल जजमेंटच्या सहा पायऱ्या लिहा, गुण ६’ असा प्रश्न काढू. मुली लिहितील, सहापैकी सहा पडतील, आणि श्वासाच्या रकान्यात २० येत राहील.

त्यापेक्षा चालू प्रात्यक्षिक परीक्षेतच थोडी जागा करा. टीपीआरच्या स्टेशनला आज सगळे गुण पायऱ्यांना आहेत: हात धुतले, ओळख सांगितली, पारा तपासला, नोंद केली. त्यातले एक तृतीयांश गुण दोन प्रश्नांसाठी काढून ठेवा. विद्यार्थिनी बेडकडे जाण्याआधी: ‘तुला काय सापडेल असं वाटतं?’ आणि परत आल्यावर: ‘काय वेगळं निघालं, आणि त्याचं तू काय करशील?’ उत्तर बरोबर आहे का यापेक्षा तिने जे बघितलं त्यावरून ते निघतंय का हे तपासा. तपासायला निकष हवे असतील तर कॅथी लासाटर यांनी २००७ साली टॅनर यांच्याच चार टप्प्यांवरून ११ निकषांची तपासणी-चौकट तयार केली आहे. पहिल्या वर्षाला त्यातले लक्षात येण्याचे ३ निकष घेतले तरी भागेल. आणि श्वास मोजताना परीक्षकाने कृपया घड्याळाकडे बघावं. पूर्ण मिनिट. तीस सेकंदांत दोनने गुणून उरकलेला श्वास मान्य करून तालातला बिघाड कधी हाती लागणार?

वेळ नाही, मुली फार आहेत, शिक्षक कमी आहेत, हे मला मान्य आहे. माझीही तीच परिस्थिती आहे. रोज सगळ्यांच्या वह्या मी बघत नाही. चौघींच्या बघते, कुणाच्या ते आधी सांगत नाही. बाकीच्या जोडीजोडीने एकमेकींच्या चौथ्या ओळी वाचतात. कधी कधी मुली आधी जाऊन बघून येतात आणि मग ‘अंदाज’ लिहितात. ते लगेच ओळखू येतं, कारण तो तंतोतंत बरोबर असतो.

येत्या सोमवारी माझी नवी बॅच वॉर्डात येते आहे. पहिल्या दिवशी त्यांच्या हातात थर्मामीटर देणार नाही, बीपीचं यंत्रही नाही. हँडओव्हर ऐकायचं, तीन ओळी लिहायच्या, पेशंटची परवानगी घेऊन त्यांच्यापाशी पाच मिनिटं बसायचं आणि घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजायचा. बाकी काही नाही. तुमच्यापैकी कुणाला आपल्या वॉर्डात हे करून बघायचं असेल तर मुलींबरोबर तुम्हीही एका पेशंटच्या तीन ओळी लिहा, आणि त्यांच्यासमोर चौथीही. मी गेल्या महिन्यात लिहिली तेव्हा माझे तीनपैकी दोन अंदाज चुकले होते.

आपली,
पहिल्या वर्षाची एक क्लिनिकल इन्स्ट्रक्टर